नानागुरुजींचं नख

परवा डॉक्टरांनी मला रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि "जेवणानंतर, रोज, न चुकता" असं तीनदा बजावलं. घरी आलो, जेवलो, पाण्याचा पेला हातात घेतला आणि नकळत खुर्ची वळवून पूर्वेकडे तोंड करून बसलो. बायकोने विचारलं, "हे काय आता?" मी म्हटलं, "नानागुरुजी." लग्नानंतर त्यांच्या गोष्टी तिने इतक्यांदा ऐकल्या आहेत की तिने पुढे काही विचारलं नाही.

रेल्वेच्या नोकरीत माझी पहिली बदली बनारसला झाली, त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका गल्लीत नानागुरुजींच्या घरी मला वरची खोली मिळाली. खाली गुरुजी आणि काकू, दोघंच. मूलबाळ नव्हतं. गुरुजींचं घराणं पाच-सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीत आलेलं. घरात मराठी बोलत, पण तिच्यात हिंदी अशी मिसळलेली की पहिले आठ दिवस मला निम्मं बोलणं अंदाजाने समजून घ्यावं लागलं. माझं नाव त्यांनी एकदा विचारलं आणि लगेच सोडून दिलं. गाव सांगली म्हटल्यावर मी त्यांच्यासाठी कायमचा 'सांगली' झालो. "काय सांगली, आज ड्यूटी की छुट्टी?" ही आमची सकाळची भेट.

गुरुजींची छत्री दशाश्वमेध घाटावर. छत्री म्हणजे वेताची ती मोठी, एका बाजूला कललेली, जिच्याखाली चार यजमान मांडी घालून बसतील. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचे विधी ते तिथे करत. शास्त्राच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही आणि त्यांच्याइतका गैरसोयीचाही. यजमानाला गाडी गाठायची असली तरी संकल्पातला एक शब्द गाळायचे नाहीत. एकदा एका गृहस्थाने घड्याळ दाखवलं, तर गुरुजी म्हणाले, "भई, तुमचे आजोबा कुठे जाणार आहेत? गाडीला घाई आहे, त्यांना नाही."

अशा माणसाच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं नख बिघडलं. आधी टोकाला पिवळं पडलं, मग जाड झालं, मग भुगा होऊन सुटायला लागलं. गंध लावायचं बोट तेच आणि दर्भाचं पवित्रक घालायचं बोटही तेच. दिवसभर ओल्यात असलेल्या हाताला असं होतं हे कोणीही सांगितलं असतं, पण गुरुजींना ते पटेना. "गंगाजल वर्ष-वर्ष बाटलीत ठेवा, कीड पडत नाही. मग बोटाला कशी पडेल?" असा त्यांचा रोकडा सवाल होता. वर्षभर त्यांनी नखाला हळद लावली, कडुनिंब लावला, तुळशीखालची मातीही लावली. नख दिवसेंदिवस आणखी जाड होत गेलं.

मग एका सकाळी त्यांनी स्वतःच स्वतःला नोकरीवरून काढून टाकलं. शास्त्रात श्राद्धाला न चालणाऱ्या ब्राह्मणांची एक यादी आहे म्हणे, आणि तिच्यात 'कुनखी', म्हणजे नख बिघडलेला, असा एक आहे. ही यादी घाटावर फारशी कोणाला आठवत नव्हती. यजमानांना तर ती ठाऊकच नव्हती. शेजारच्या छत्रीचे रामभाऊगुरुजी म्हणाले, "नाना, पवित्रक जरा वर सरकवा, कोणाला दिसत नाही." त्यावर आमचे गुरुजी म्हणाले, "ज्यांच्यासाठी करतो त्यांनाही दिसत नाही का?" त्या दिवसापासून त्यांनी श्राद्धाचे यजमान रामभाऊंकडे पाठवायला सुरुवात केली आणि स्वतः पूजा-अभिषेक तेवढे ठेवले.

मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे, महिन्याभरात ठिकाणावर येईल. काकू मात्र फार कष्टी झाल्या. एका दुपारी त्या वर आल्या आणि मला खरी गोष्ट सांगितली. महाराष्ट्रातून कितीतरी एकट्या विधवा बायका काशीत मरण यावं म्हणून येऊन राहत. आयुष्यभर गुरुजींच्या घरी त्यांचं येणं-जाणं होतं. त्यांना पाणी देणारं मागे कोणी नव्हतं. जाताना प्रत्येकीने गुरुजींना सांगितलं होतं, "नाना, आमचं तेवढं बघा." अशी सत्तावीस नावं होती. दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला गुरुजी त्या सत्तावीस जणींचं तर्पण करत. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. विसरू नये म्हणून रोज पहाटे स्नान करून घाट चढताना शेवटच्या सत्तावीस पायऱ्यांवर एका पायरीला एक नाव घेत. इतके दिवस मी समजत होतो, म्हातारा पायऱ्या मोजतोय.

"नख नाही सुधरलं तर या पितृपक्षात त्यांचं कोण करणार? हेच खातंय त्यांना," काकू म्हणाल्या. "दवाईचं नाव काढलं की चिडतात. तुम्ही न्या ना त्यांना."

तो माघ महिना होता. पितृपक्षाला सात-आठ महिने होते. मी गुरुजींना लंका नावाच्या मोहल्ल्यातल्या एका चर्मरोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी नख खरवडून तपासायला पाठवलं आणि चार दिवसांनी बुरशी असल्याचं सांगितलं. गुरुजींनी गंगाजलाचा आपला सवाल टाकला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गंगाजी पवित्र हैं गुरुजी, पर उँगली तो आपकी है."

मग त्यांनी पोटात घ्यायची गोळी लिहून दिली आणि बराच वेळ समजावलं. रोज एकच गोळी. उपाशीपोटी नाही, जेवणाबरोबर आणि त्या जेवणात तूप, दूध, मलई असं काही स्निग्ध हवं, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. नख जसं वाढेल तसं खालून चांगलं येईल, त्याला सहा महिने किंवा जास्तही लागतील. बरं दिसायला लागलं म्हणून मधेच सोडायची नाही. ऊन बाधतं, तेव्हा सावलीत राहायचं. दारू बंद. दुसरं कुठलंही औषध, चूर्ण, काढा घेत असाल तर आधी सांगायचं. आणि डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर गोळी थांबवून तडक इकडे यायचं. यकृतावर लक्ष ठेवायला मधून मधून रक्त तपासू, असंही म्हणाल्या.

गुरुजींनी सगळं डोळे मिटून ऐकलं. शेवटी डोळे उघडून एवढंच विचारलं, "मलईचं लिहून देताय ना आपण?" बाईंनी खरंच चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी गुरुजींनी घरी देवघरात ठेवली आणि पुढे काकू दुधाच्या बाबतीत हात आखडता घेतायत असं दिसलं की ती काढून वाचून दाखवत.

औषध न घेणारा माणूस एकदा औषध घ्यायला लागला की काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. गुरुजींनी गोळीचं व्रत धरलं. चांगला दिवस पाहून सुरुवात केली. पूर्वेकडे तोंड, आचमन, चक्क संकल्प, त्यात डाव्या-उजव्या हाताचा आणि बोटाचा उल्लेख, मग गोळी. एवढं करून पहिले पंधरा दिवस गोळी घेतली ती मात्र पहाटे, अनशापोटी, पळीभर गंगाजलाबरोबर. पवित्र गोष्ट उपाशीपोटीच घ्यायची असते हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मलई ते स्वतंत्रपणे दुपारी खात. हे काकूंच्या लक्षात आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "देव पहाटे आणि नैवेद्य दुपारी, असं चाललंय तुमचं." दुसऱ्या दिवसापासून गोळी त्यांच्या ताब्यात गेली. दुपारच्या जेवणात पहिल्या तूप-भातानंतर काकू ती पानाच्या उजव्या बाजूला वाढत, जिथे खरं तर भाजी असते. एकादशीला दुधाच्या वाटीबरोबर. गुरुजींनी विरोध केला नाही, कारण वाटीत मलई होती.

घाटावर त्यांनी छत्री इतकी खाली कलती केली की यजमानांना वाकून आत यावं लागे. उन्हात पाय सुद्धा बाहेर काढत नसत. प्रत्येक पूजेनंतर हात पंचाला पुसून बोटांच्या बेचक्या कोरड्या करत आणि समोर बसलेल्यालाही तसंच करायला लावत. पुण्याच्या एका कुटुंबाला तो विधीचाच भाग वाटला आणि त्यांनी भक्तिभावाने सहा जणांची बेचाळीसच्या बेचाळीस बोटं पुसली, असं गुरुजीच सांगत. सहा जणांची साठ होतात, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "अरे, काही लहान होते, त्यांनी टंगळमंगळ केली."

वाटून खाणं हा त्यांचा स्वभाव होता. त्याचंही एकदा संकट आलं. ओळखीच्या एका नावाड्याच्या पायाला बुरशीची खाज सुटली होती. गुरुजी घरी आले आणि दोन गोळ्या कागदात बांधायला लागले. काकूंनी हात धरला. "त्या बाईंनी सांगितलं ना, दारू चालत नाही. तो संध्याकाळी घेतो की नाही?" गुरुजी म्हणाले, "घेतो." "आणखी कसली दवाई चालू आहे त्याची?" "ते कुठे माहीत?" "मग प्रसाद आहे का हा?" गुरुजींनी कागद उलगडला आणि दुसऱ्या दिवशी नावाड्यालाच बाईंकडे पाठवलं.

वैशाखापर्यंत नखाच्या मुळाशी गुलाबी चंद्रकोर दिसायला लागली. गुरुजी ती सगळ्यांना दाखवत, अगदी पोस्टमनला सुद्धा. आणि तिथेच घात झाला, कारण त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला.

अधिक महिन्यात काम्य कर्म करायचं नाही, म्हणजे स्वतःला काही मिळावं म्हणून कुठलं व्रत करायचं नाही, असा नियम. गुरुजींनी विचार केला की गोळी ही नख मिळावं म्हणून घेतो, म्हणजे काम्यच. झालं. महिनाभर गोळी बंद. त्याच सुमाराला काकू भाचीच्या बाळंतपणाला ग्वाल्हेरला गेलेल्या. मी स्वयंपाक खोलीत डोकावून "गोळी?" असं विचारी, आणि ते "सगळं शास्त्रोक्त चालू आहे" असं उत्तर देत, जे त्यांच्या दृष्टीने खोटं नव्हतं. मलई मात्र अधिकातही चालू होती.

अधिक संपला आणि गुरुजींना तीस दिवस चुकल्याची जाणीव झाली. त्यावरही त्यांच्याकडे उपाय तयार होता. संध्येची वेळ चुकली तर एक जास्तीचं अर्घ्य द्यायचं असतं. त्या हिशेबाने ते रोज तीन गोळ्या घ्यायला लागले. एक आजची, एक चुकलेली आणि एक प्रायश्चित्ताची. मी महिन्याच्या म्हणून आणलेल्या गोळ्या दहा दिवसांत संपल्या तेव्हा "उंदरांनी नेल्या असतील" असं म्हणाले. मी उंदरांवर विश्वास ठेवला. त्या मूर्खपणाची मला अजून लाज वाटते.

त्यानंतरच्या रविवारी पहाटे मीही त्यांच्याबरोबर गंगेवर गेलो होतो. स्नान करून ते चढायला लागले, ओठ हलत होते. डोकं दुखतंय असं ते दोन-तीन दिवस म्हणतच होते. वरच्या पायरीशी पोचले आणि तिथेच थांबले. मागे वळून खाली पाहिलं. परत खाली उतरले, पुन्हा चढून आले, भिंतीला हात धरून. मग मटकन बसले.

"काय झालं, गुरुजी?"

"सांगली," ते म्हणाले, "एक पायरी उरली रे."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. सत्तावीस पायऱ्या होत्या आणि नावं सव्वीसच झाली होती. एक बाई हरवली होती. गुरुजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मला भीती वाटली, आणि त्यांना माझ्याहून जास्त. "चक्कर येते, मळमळतं, ते चालेल. पण ही कोण गेली यातली?" असं ते दोन-तीनदा म्हणाले. तिथेच पायरीवर बसून त्यांनी मला अधिक महिना, तीन गोळ्या, सगळं सांगून टाकलं.

काकू आदल्या रात्रीच ग्वाल्हेरहून परतल्या होत्या. घरी पोचताच त्यांना सांगितलं. त्यांनी गुरुजींना सव्वीसही नावं म्हणायला लावली, एकेक बोटावर घेतलं आणि म्हणाल्या, "बनूमावशी. तुम्हाला लाडू द्यायची ती." गुरुजींनी डोळ्यांना पंचा लावला. मग काकूंनी त्यांना फैलावर घेतलं. "अधिकात नवं व्रत धरायचं नसतं. धरलेलं सोडायचं नसतं. नागपूरच्या त्या बाईंना सोळा सोमवारांचं तुम्हीच सांगितलं होतंत, मी चहा घेऊन आले होते तेव्हा. आणि आजाराची दवाई काम्य कशी? अधिकात भूक लागली तर जेवलात ना?" पन्नास वर्षं दाराआडून शास्त्र ऐकलेल्या त्या बाईपुढे गुरुजींनी कान पकडले.

डॉक्टरीणबाईंनी गोळी लगेच थांबवली आणि रक्त तपासायला पाठवलं. त्यांच्या भल्यामोठ्या टेबलापाशी गुरुजी शाळेत उभं केल्यासारखे उभे होते. यकृताला धक्का बसला असेल तर ही गोळी पुन्हा देता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस घरात फार वाईट गेले. गुरुजी मलईची वाटी बाजूला सारत. सुदैवाने रिपोर्ट ठीक आला. डोकेदुखी आणि चक्करही थांबली. बाईंनी आणखी आठवडाभर वाट पाहिली आणि गोळी पुन्हा सुरू केली.

"एक छूट गई तो छूट गई," त्या म्हणाल्या. "अगले दिन एक ही. दो नहीं, तीन नहीं."

गुरुजींनी हळूच विचारलं, "और प्रायश्चित्त?"

"प्रायश्चित्त यही कि आगे से न छूटे."

बाहेर आल्यावर गुरुजींनी वळून दवाखान्याच्या दाराला हात जोडले. मग म्हणाले, "बाई विद्वान आहे."

पण गेलेले दिवस गेलेच. पितृपक्ष आला तेव्हा नख दोन तृतीयांश गुलाबी होतं आणि टोकाला पिवळी, जाड पट्टी शिल्लक होती. काकूंनी ती जेवढी कापता येईल तेवढी कापली. बारीक कड उरलीच. रामभाऊ म्हणाले, "एवढ्याशा कडेने काय होतं?" गुरुजी म्हणाले, "तेवढ्याने होत नसतं तर बाईंनी गोळी बंद केली असती. अजून चालू आहे, म्हणजे अजून आहे."

सर्वपित्रीला मी मुद्दाम रजा घेतली. रामभाऊ पाण्यात उभे राहिले, हातात तीळ आणि दर्भ. आमचे गुरुजी मागच्या पायरीवर कोरड्यात, छत्रीच्या सावलीत. ते नाव सांगत आणि रामभाऊ पाणी सोडत. गोत्रासकट, गावासकट. मधे रामभाऊंनी घाईत एका बाईंचं गाव चुकवलं तर ते पाणी गुरुजींनी परत सोडायला लावलं. सत्तावीस नावं झाली. शेवटचं बनूमावशींचं ठेवलं होतं. तेही नाव गोत्रासकट स्पष्ट आलं. मी देवाधर्माचा माणूस नाही, तरी त्या दिवशी तिथे उभा होतो याचा मला आजही आनंद वाटतो.

पुढच्या माघात नख संपूर्ण आलं. बाईंनी गोळी बंद करायला सांगितलं. त्या बरं झालेल्या बोटाने गुरुजींनी पहिलं गंध लावलं ते त्यांनाच, दवाखान्यात, बाहेर सोळा रोगी खोळंबलेले असताना. बाई चष्मा काढून, डोळे मिटून बसल्या होत्या. गुरुजींनी संकल्पातला एक शब्द गाळला नाही.

त्याच उन्हाळ्यात माझी भुसावळला बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला घाटावर गेलो. गुरुजी छत्रीखाली एकटेच होते. मला त्यांनी जवळ बसवलं, कपाळाला गंध लावलं, आणि हात तसाच माझ्या डोक्यावर ठेवला.

"सांगली, आमच्या मागे कोणी नाही हे तुला ठाऊकच आहे," ते म्हणाले. "माझं आणि हिचं नाव लक्षात ठेवशील? तुझा विश्वास नाही, हे मला माहीत आहे. पाणी सोडू नकोस हवं तर. नुसती नावं घे. वर्षातून एकदा, सर्वपित्रीला."

मी हो म्हटलं. मग थट्टेत विचारलं, "उपाशीपोटी घ्यायची का?"

गुरुजी मोठ्याने हसले. "नाही, नाही. जेवणानंतर. तुपाशी. आणि हे बघ, एखाद्या वर्षी चुकलं तर पुढच्या वर्षी दुप्पट करू नकोस. फक्त पुढचं सोडू नकोस." मी पायऱ्या चढून वर गेलो आणि वळून पाहिलं. ते छत्रीच्या सावलीत पंचाने बोटांच्या बेचक्या पुसत होते, सावकाश, एकेक.

गुरुजी त्यानंतर सहा वर्षांनी गेले, काकू त्यांच्यामागोमाग. मागच्या वर्षी सर्वपित्रीला मी इस्पितळात होतो आणि नावं घ्यायची राहिली. या वर्षी जेवण झालं, भातावर तूप जरा जास्तच घेतलं होतं. पूर्वेकडे तोंड करून बसलो आणि दोन्ही नावं एकेकदाच घेतली.